घरातला बिल्ट-इन इलेक्ट्रिक ओव्हन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन करताना हौसेने बिल्ट-इन ओव्हन बसवला जातो. पहिले काही महिने केक, पिझ्झा होतात आणि मग हळूहळू त्यात कढया, तवे, डोशाचं बिडं जाऊन बसतं. ओव्हन कपाट होतो. त्यानंतर कधी तरी तो चालू केला की एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) पडते, धूर येतो किंवा घड्याळच लुकलुकत राहतं, आणि ‘मशीन बिघडलं’ असं ठरतं. खरं तर यातल्या कितीतरी तक्रारींचं मूळ वायरिंगमध्ये, बसवण्याच्या पद्धतीत किंवा ओव्हन नुसता पडून राहण्यात असतं. तो आठवड्यातून एकदा तरी तापावा, या आग्रहातून ही उत्तरं लिहिली आहेत.

ओटीजी (ओट्यावरचा छोटा ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आणि मायक्रोवेव्ह घरात असताना बिल्ट-इन ओव्हन कशाला?

मायक्रोवेव्हचं काम वेगळं आहे. तो अन्नातल्या पाण्याला तापवतो, त्यामुळे उरलेली भाजी गरम होते, पण पावाला कड येत नाही. ओटीजी आणि बिल्ट-इन ओव्हन दोन्ही कॉइलच्या उष्णतेवर भाजतात. फरक आहे आकाराचा आणि उष्णता धरून ठेवण्याचा. बिल्ट-इन ओव्हन साधारण ६० ते ८० लिटरचा असतो, भिंतींना जाड इन्सुलेशन असतं, दाराला दोन-तीन काचा असतात. त्यामुळे तापमान स्थिर राहतं आणि दोन ट्रे एका वेळी लावता येतात. दोन माणसांच्या घरात महिन्यातून एकदा केक होत असेल, तर चांगला ओटीजी पुरे. घरात पाव, बिस्किटं, भाजलेले मासे नियमित होणार असतील, तर बिल्ट-इनचा खर्च सार्थकी लागतो.

फ्रिजच्या किंवा मिक्सरच्या पॉइंटवर ओव्हन लावला तर चालेल का?

नाही. या एका बाबतीत तडजोड करू नका. ओव्हन ३,००० वॉटचा असेल तर २३० व्होल्टला तो १३ अँपिअर ओढतो, ३,५०० वॉटचा असेल तर १५ अँपिअरच्या वर. तेही मिक्सरसारखं दोन मिनिटं नव्हे, कधी कधी तासभर. मिक्सरचा ६ अँपिअरचा पॉइंट यासाठी नाहीच. १६ अँपिअरचा पॉइंट असला, पण त्याच वायरवर गिझर किंवा वॉशिंग मशीन असलं, तरी वायर आत कुठे तरी तापत राहते आणि ते बाहेरून दिसत नाही.

वायरमनला सांगा: डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) स्वतंत्र लाइन, तांब्याची ४ स्क्वेअर एमएमची वायर, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या रेटिंगची स्वतंत्र एमसीबी आणि नीट तपासलेलं अर्थिंग. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) घरात नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. ओव्हनची बॉडी पत्र्याची असते आणि आपण अनेकदा ओल्या हाताने, अनवाणी तिच्यासमोर उभे असतो. एक्स्टेंशन बोर्ड आणि मल्टीप्लग अजिबात नको. वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तोही बघून घ्या. जुन्या इमारतीत हा भार कमी असतो. एसी, गिझर आणि ओव्हन एकत्र चालू झाले की मीटरजवळचा स्विच पडतो तो यामुळेच. अशा वेळी भार वाढवून घेण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करता येतो.

सुतार म्हणतो, खण मी अंदाजाने करून देतो. करू द्यावं का?

आधी ओव्हन ठरवा, त्याच्या पुस्तिकेतलं मापांचं पान सुताराच्या हातात द्या आणि मगच प्लाय कापू द्या. बहुतेक ओव्हनचं तोंड साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतं आणि आतला खण ५६ सेंटिमीटरच्या आसपास लागतो. पण खोली आणि उंचीत कंपनीगणिक फरक पडतो आणि अर्ध्या सेंटिमीटरने काम अडतं.

खणाची मागची बाजू पूर्ण बंद करू नका, हवा खालून येऊन वर निघून गेली पाहिजे. सॉकेट ओव्हनच्या बरोबर मागे न घेता शेजारच्या कपाटात घ्या, म्हणजे गरज पडली तर ओव्हन न ओढता प्लग काढता येईल. शेजारच्या शटरवर पीव्हीसीची फॉइल असेल तर ती उष्णतेने सुटते. तिथे चांगला लॅमिनेट आणि उष्णता सोसणारा गोंद वापरायला सांगा. शेवटची गोष्ट बरेच फिटर गाळतात: दार उघडल्यावर चौकटीच्या दोन्ही बाजूंना स्क्रूची भोकं दिसतात, ते स्क्रू प्लायमध्ये घट्ट बसलेच पाहिजेत. नाही तर जड ट्रे बाहेर ओढताना अख्खा ओव्हन पुढे झुकतो.

गॅसच्या शेगडीखाली ओव्हन बसवलेला चालतो का?

पुस्तिकेत परवानगी असेल तर चालतो. मात्र गॅसची नळी ओव्हनच्या मागून किंवा त्याला टेकून जाता कामा नये. बसवून झाल्यावर बॅटरी मारून स्वतः बघा. नारिंगी सुरक्षा होज तशीही पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते.

नवा ओव्हन पहिल्यांदा कसा वापरायचा?

आतले थर्माकोलचे तुकडे, चिकटपट्ट्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या सगळं काढा. ट्रे आणि जाळी साबणाने धुऊन पुसा. मग रिकामा ओव्हन सर्वांत जास्त तापमानाला तासभर तापवा. खिडक्या उघड्या आणि एक्झॉस्ट चालू ठेवा. कॉइलवरचं कारखान्यातलं तेल जळतं, त्याचा वास आणि थोडा धूर येतो. तो एकदाच. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर पिंजरा त्या दिवशी दुसऱ्या खोलीत न्या, पक्ष्यांना असा धूर सोसत नाही.

बटणावरच्या चिन्हांचा अर्थच लागत नाही. कोणता मोड कशाला?

वर आणि खाली अशा दोन आडव्या रेघा असतील, तर वरची आणि खालची कॉइल दोन्ही चालू. केक, नानकटाई, पाव यांना हाच मोड सुरुवातीला वापरा. गोलात किंवा रेघांसोबत पंखा दिसला की आतली गरम हवा फिरते. दोन ट्रे लावायचे असतील तेव्हा हा मोड उपयोगी, पण तापमान पाककृतीत दिलं असेल त्यापेक्षा २० अंशांनी कमी ठेवा, कारण फिरती हवा लवकर भाजते आणि पृष्ठभाग सुकवते. वरची नागमोडी रेघ म्हणजे ग्रिल: पनीर टिक्का, बांगडा, भरताचं वांगं, चीज टोस्ट. नुसती खालची रेघ म्हणजे खालूनच उष्णता. पिझ्झाचा तळ मऊ राहिला असेल तर शेवटची पाच मिनिटं हा मोड द्या. नुसता दिवा असेल तर तापमान नाही, फक्त प्रकाश.

त्या नुसत्या दिव्याचाही उपयोग आहे. पुण्या-नाशिकच्या थंडीत दही लागत नाही किंवा पावाचं पीठ फुगत नाही, तेव्हा भांडं झाकून बंद ओव्हनमध्ये ठेवा आणि फक्त दिवा चालू करा. आत बेताची ऊब तयार होते.

प्रीहीट (पदार्थ घालण्याआधी ओव्हन तापवणं) केलंच पाहिजे का?

केक, बिस्किटं, पाव यांना हो. केकच्या मिश्रणात सोडा आणि दही एकत्र आलं की बुडबुडे लगेच सुटायला लागतात. ओव्हन थंड असेल तर ते वाया जातात आणि केक दडस होतो. बिनअंड्याच्या केकला तर हे फारच लागू. त्यामुळे आधी ओव्हन लावा, मग मिश्रण कालवा. तापमान गाठलं की पॅनलवरचा दिवा विझतो किंवा बीप वाजते, त्यानंतर आणखी पाच मिनिटं थांबलं तर भिंतीही तापतात. बटाटे, रताळी, भाज्यांची कॅसरोल यांना मात्र थंड ओव्हनमध्ये घातलं तरी चालतं.

पाककृतीप्रमाणे १८० अंश ठेवूनही केक मध्ये फुगून फाटतो. असं का?

बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत फरक असू शकतो. थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करत राहतो, त्यामुळे तापमान खालीवर होणारच. पण सरासरीच पुढे-मागे असेल तर पदार्थ दर वेळी तसाच बिघडतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो मधल्या जाळीवर ठेवा आणि अर्ध्या तासात चार-पाच वेळा काचेतून वाचा. १५ अंश जास्त दिसत असतील तर पुढे कायम १५ अंश कमी लावायचे. माझ्या मते ओव्हनसाठी घ्यायची ही पहिली वस्तू, साच्यांच्याही आधी.

केक फाटण्याचं आणखी एक कारण असतं: साचा वरच्या कप्प्यात. साचा अशा उंचीवर ठेवा की केकचा मध्य ओव्हनच्या मध्याशी येईल. पहिली वीस-पंचवीस मिनिटं दार उघडू नका, काच आणि दिवा त्यासाठीच आहेत.

कोणती भांडी चालतात?

ॲल्युमिनियम, स्टील, बिडाचं, काळ्या पत्र्याचं, बोरोसिलिकेट काच, पूर्ण भाजलेली चिनी माती. काळा साचा उष्णता जास्त ओढतो, म्हणून त्यात तळ लवकर करपतो, तिथे १० अंश कमी लावा. काचेचं भांडं फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नको आणि गरम असताना ओल्या ओट्यावर ठेवणं तर मुळीच नको. प्लॅस्टिक, मेलामाइन, बेकलाइटच्या मुठीची कढई चालत नाही. सिलिकॉनच्या साच्यावर त्याची मर्यादा छापलेली असते.

तळाला ॲल्युमिनियम फॉइल घातली तर सांडलेलं पुसावं लागत नाही. घालू का?

घालू नका. बहुतेक ओव्हनमध्ये खालची कॉइल तळपत्र्याच्या खाली असते. वर फॉइल आली की उष्णता अडकते, तळाच्या इनॅमलला तडे जातात, आणि ते वॉरंटीत बसत नाही. सांडण्याची भीती असेल तर एक कप्पा खाली रिकामा ट्रे सरकवा. बेकिंगसाठी घेतलेला कागद ‘बेकिंग पेपर’ किंवा ‘पार्चमेंट’च आहे ना, तेही बघा. मेणाचा कागद ओव्हनमध्ये धुरकटतो.

नानकटाई पसरते किंवा दगडासारखी होते. काय चुकतं?

पसरते ती बहुधा तूप पातळ झाल्यामुळे. आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये तूप ओट्यावरच वितळतं. थिजलेलं रवाळ तूप घ्या, पिठीसाखरेबरोबर पांढरं, हलकं होईपर्यंत फेसा, मग मैदा, थोडं बेसन, चमचाभर रवा, वेलची. गोळे वळून ट्रेवर ठेवले की ट्रेसकट वीस मिनिटं फ्रिजमध्ये. तोवर ओव्हन पंख्याशिवाय, दोन्ही कॉइलवर १६५ अंशांना तापू द्या.

मधल्या कप्प्यात साधारण पंधरा ते अठरा मिनिटं. दहाव्या मिनिटाला वरच्या पृष्ठभागावर बारीक भेगा उमटायला लागतात. नंतर कडा मॅट दिसतात आणि वास बदलतो: आधी नुसत्या तुपाचा असतो, मग भाजलेल्या बेसनाचा यायला लागतो. तेव्हा एक उलटून बघा, तळाला फिकट बदामी रंग असेल तर काढा. वरून रंग यायची वाट बघितली की ती कडक झालीच. ओव्हनमधून निघताना ती बोटाने दबेल इतकी मऊ असते, म्हणून पुन्हा आत घालायचा मोह होतो. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, निवताना ती आपोआप धरते.

बेबिंका घरच्या ओव्हनमध्ये होते का?

होते, आणि छान होते. गोव्यात ही थरांची मिठाई परंपरेने भांड्यावर निखारे ठेवून करतात, म्हणजे उष्णता मुख्यतः वरून. आपल्या ओव्हनमध्ये तेच काम ग्रिल करतो. नारळाचं दाट दूध, अंड्यांचा बलक, साखर, मैदा आणि जायफळ यांचं मिश्रण गाळून घ्या. साच्यात चमचाभर तूप तापवून पहिला थर ओता आणि तो दोन्ही कॉइलवर शिजू द्या. त्यानंतर प्रत्येक थरावर थोडं तूप, वर मिश्रणाचा नवा थर, आणि साचा ग्रिलखाली. वरचा थर तपकिरी ठिपक्यांचा होईपर्यंत समोरून हलू नका, कारण सोनेरी आणि करपलेला यांत एखाद्याच मिनिटाचं अंतर असतं. सात थरांना दीड-दोन तास सहज जातात. पूर्ण निवल्यावरच कापा, गरम कापली तर थर एकमेकांवरून घसरतात. गोव्याच्या बेबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

दिवाळीचा फराळ ओव्हनमध्ये करता येतो का?

काही पदार्थ फार चांगले होतात. पातळ पोह्यांचा चिवडा करायचा असेल तर पोहे दोन ट्रेमध्ये पसरून १०० ते ११० अंशांना पंख्यावर दहा-बारा मिनिटं ठेवा. आकसत नाहीत, कुरकुरीत होतात आणि कढईसमोर उभं राहावं लागत नाही. शेंगदाणे १६० अंशांना पंधरा-वीस मिनिटं, मध्ये एकदा हलवून. लाडवाचा रवाही असाच भाजता येतो, फक्त दर पाच मिनिटांनी परतावा लागतो. शंकरपाळे आणि करंज्या भाजून खायला चांगल्या लागतात, तरी तळलेल्यांची चव त्यांना येत नाही, तो वेगळा पदार्थ समजून करा. चकली मात्र ओव्हनमध्ये करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वीजबिल खूप वाढतं का?

१८० अंशांना एक तास, प्रीहीट धरून, साधारण एक ते सव्वा युनिट लागतं. ३,००० वॉटचा ओव्हन तासभर सलग ३,००० वॉट ओढत नाही, तापमान गाठल्यावर कॉइल मधूनमधूनच लागते. घरगुती बिलात महावितरणचे १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. तुमचा वापर टप्प्याच्या काठावर असेल तर पुढची युनिटं महाग दराने पडतात, एवढंच लक्षात ठेवा. ओव्हन तापलाच आहे तर पाठोपाठ दोन पदार्थ भाजा आणि शेवटची पाच-सात मिनिटं बंद करून आतल्या उष्णतेवर होऊ द्या.

लाइट येऊन-जाऊन झाल्यावर ओव्हन तापतच नाही. बिघडला?

बहुधा नाही. अनेक मॉडेलमध्ये वीज गेली की घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकतं आणि वेळ लावेपर्यंत कॉइल चालूच होत नाही. घड्याळ लावा. तरीही ‘ऑटो’ दिसत असेल तर मॅन्युअलचं बटण दाबा, बऱ्याचदा त्यावर हाताचं चित्र असतं. कुलपाचं किंवा किल्लीचं चिन्ह दिसत असेल तर चाइल्ड लॉक लागलंय. एवढ्यासाठी टेक्निशियनला व्हिजिट चार्ज देऊ नका. घरच्या इन्व्हर्टरवर ओव्हन चालत नाही, त्याला तेवढी ताकद नसते.

बंद केल्यावरही आतून पंख्याचा आवाज येत राहतो.

तो कूलिंग फॅन आहे, इलेक्ट्रॉनिक पॅनल आणि कपाट थंड करतो. आपोआप थांबेल, तोवर भिंतीवरचा स्विच बंद करू नका.

पावसाळ्यात ओव्हन लावला की आरसीसीबी पडते. उन्हाळ्यात असं होत नव्हतं.

कोकणात आणि मुंबईत ही तक्रार हमखास येते. कॉइलच्या धातूच्या नळीत मधोमध तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड विजेला अडवते, पण हवेतला ओलावा ओढून घेते. ओव्हन महिनोन्महिने बंद राहिला आणि त्यात जुलै-ऑगस्टची दमट हवा लागली, की नळीच्या टोकातून ओल आत शिरते, थोडा करंट अर्थकडे गळतो आणि आरसीसीबी तिचं काम चोख करते.

म्हणून आरसीसीबी काढून टाकू नका किंवा तिला वळसा घालून लाइन घेऊ नका. कुणी इलेक्ट्रिशियन असं सुचवत असेल तर त्याला काम देऊ नका. टेक्निशियनला मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) कॉइलचं इन्सुलेशन तपासायला सांगा. नुसती ओल असेल तर ती सुकवता येते, कॉइल फुटली असेल तर बदलावी लागते. पुढे हे टाळायचं असेल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी ओव्हन वीस मिनिटं १५० अंशांना तापवा. पापड, खाकरे किंवा शेंगदाणे भाजा, म्हणजे वीजही वाया जात नाही.

आतली तेलकट राप कशी काढायची?

दर वापरानंतर कोमट असताना ओल्या फडक्याने पुसलं तर राप बसतच नाही. बसलीच असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लेप करा, थंड ओव्हनच्या तळाला आणि बाजूंना लावा, कॉइल आणि पंख्याची जाळी सोडून. रात्रभर ठेवून सकाळी पुसून काढा. राहिलेल्या पांढऱ्या डागांवर थोडं व्हिनेगर. ॲल्युमिनियमच्या ट्रेला सोडा लावू नका, काळा पडतो. बाजूच्या पत्र्यांवरचा कंपनीचा थर हाताला खरखरीत लागत असेल तर तो कॅटॅलिटिक आहे. तो तापल्यावर तेल स्वतःच जाळतो, त्यावर घासणी, सोडा, क्लीनर काहीही नको. पायरोलिटिक मॉडेल ५०० अंशांच्या आसपास तापून सगळ्याची राख करतं. आधी ट्रे, जाळ्या बाहेर काढा आणि मुलांना लांब ठेवा.

दाराची काच पत्र्याने किंवा सुरीने खरवडू नका. टफन्ड काचेवरचा बारीक ओरखडा पुढे तापताना काच फुटायला कारण होतो. दाराभोवतीचं रबर नुसतं ओल्या फडक्याने टिपा. ते कडक झालं असेल आणि बाजूने वाफ येत असेल तर बदला.

झुरळं पॅनलच्या मागे शिरतात. काय करावं?

स्प्रे आत मारू नका. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यांत झुरळांच्या जेलचे ठिपके लावा, वायरच्या भोकाभोवतीची फट बुजवा, आणि तुपाचे-पिठाचे कण त्याच दिवशी पुसा. ओव्हनमध्ये भांडी साठवणंही इथे नडतं: त्यांच्या आडोशाला झुरळं राहतात.

आत काही पेटलं तर?

दार बंदच ठेवा, मेन स्विच बंद करा. हवा नसली की आग बहुधा आतच विझते. पाणी टाकू नका, बघण्यासाठी दार उघडू नका. बाहेर धूर किंवा ज्वाळा येत असतील तर सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

दिवा स्वतः बदलता येतो का?

हो. एमसीबी बंद करा, ओव्हन थंड होऊ द्या, काचेचं झाकण फिरवून काढा. ३०० अंश सोसणारा ओव्हनचाच बल्ब घ्या, साधा एलईडी चालत नाही. हॅलोजन असेल तर कापडाने धरा.

घर बदलताना ओव्हन नेता येतो का?

नेता येतो, दोन-चार स्क्रू काढले की तो खणातून बाहेर येतो. वजन ३० ते ४० किलो असतं, त्यामुळे दोन माणसं लागतात, आणि दाराच्या मुठीला धरून उचलायचा नाही. ट्रे, जाळ्या वेगळ्या बांधा, दार चिकटपट्टीने बंद करा. नव्या घरी सामान पोचण्याआधी खणाचं माप आणि स्वतंत्र पॉइंट तयार ठेवा. आणि बसवल्यावर पहिल्यांदा तापवण्याआधी पुन्हा एकदा आत हात घालून बघा: मूव्हर्सनी मोकळी जागा म्हणून तिथे काहीतरी भरलेलं असतं.